चिमट्याचा बाक

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी नऊच्या आतच अप्पांच्या सायकलीबद्दल घरात दोन मतं झाली होती, आणि घरात माणसं होती चार. चौथं माणूस म्हणजे अव्वा, अप्पांची बायको. ती पडवीत शेंगा फोडत बसली होती आणि तिला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं.

सायकल आदल्या दिवशी मुरुडच्या गोदामातून टेम्पोत घालून लातूरला आणली होती. दोन दांड्यांची, भक्कम, मालाची सायकल. मागे चार डब्यांचा लोखंडी कठडा, पुढे दोन डब्यांचा. याच सायकलीवर पंधरा-पंधरा किलोचे करडी तेलाचे सहा डबे घालून अप्पांनी, म्हणजे मन्मथप्पांनी, मुरुडच्या आसपासची सगळी खेडी पालथी घातली, आणि त्याच तेलावर पुढे घाणा, गोदाम, दुकान आणि हे लातूरचं घर उभं राहिलं. अप्पांना जाऊन आता दोन वर्षं झाली होती. दिवाळीच्या पाडव्याला नव्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि तिथं सायकल ठेवायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. कशी ठेवायची, तिथं घोडं अडलं होतं.

नागप्पा थोरला, दुकानाचा मालक, त्यामुळे त्याला सगळे प्रश्न सुटलेलेच दिसत.

"जशी हाय तशी ठिवायची," तो म्हणाला. "चारी बाजूनं काच. वरून एक दिवा. खाली अप्पाचं नाव. गंज दिसू दे, तेलाचे डाग दिसू दे. लोकांना कळू दे, बाप कशातून वर आला."

"आण्णा, सायकल हाय ती. समाधी बांधायलास का तिची?" रविकिरण म्हणाला. धाकटा रविकिरण नांदेडला आयटीआयत तीस वर्षं पोरांना फिटरकाम शिकवत होता. सूतभर फरक दिसला तरी त्याला चैन पडायची नाही. काल रात्री तो दसऱ्यापर्यंतची रजा टाकून, हत्यारांची पिशवी घेऊन आला होता. "पाण्यातनं काढल्यावानी दिसून राहिली ती. सगळी खोलतो, गंज काढतो, रंग देतो. अप्पानं दुकानातून आणली तशी करतो. पळली पायजे ती."

"कोन पळवनार हाय? तू?"

"पळवली न्हाई तरी पळायला पायजे."

नागप्पानं मदतीसाठी मुलीकडे पाहिलं. नव्या दुकानाची सगळी मांडणी दामिनीनं केली होती. काचेच्या पेटीचं माप तिनंच काढलं होतं, त्यामुळे हे मत तर घरचंच होतं. पण दामिनी सायकलीभोवती एक फेरी मारून आली आणि बोटाला लागलेला काळा चिकटा बघत म्हणाली, "बाबा, काका बरोबर बोलतायत. तेलाचं दुकान आहे आपलं. दारातच असली गंजकी वस्तू दिसली तर गिऱ्हाईक म्हणेल, आत तेलपण असंच असणार."

"काल तर हो म्हनलीस!"

"काल ती गोदामाच्या अंधारात बघितली होती."

पोटची पोर आणि सख्खा भाऊ एका रात्रीत एक झाले याचं नागप्पाला लागलं, पण तसं दाखवणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं शेवटचं पान टाकलं. "मग अव्वाला इचारा. ती म्हनंल तसं. ती काय अप्पाचा हात लागलेली वस्तू रंगवू देनार हाय व्हय?"

रविकिरणही हसून म्हणाला, "इचार की." अव्वा आपल्याच बाजूनं बोलणार याची दोघांनाही सारखीच खात्री होती.

अव्वानं, म्हणजे महानंदाबाईंनी, सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या, पण आवाज अजून घाण्यावरच्या गड्यांना हाक मारावी तसा. "रंग द्या," त्या म्हणाल्या. "गंज काढा. टायरं नवी टाका. त्यांना मळकी वस्तू कधी चालली न्हाई. काचेत कशाला कोंडता? पन एक गोष्ट. म्होरच्या चिमट्याला हात लावायचा न्हाई. वाकडा हाय, वाकडाच ऱ्हाऊ द्यायचा."

दामिनीनं वाकून पाहिलं. पुढचं चाक ज्या दोन लोखंडी पायांमध्ये बसतं तो चिमटा खरंच वाकडा होता. डावा पाय मधेच मागे दबलेला, त्यामुळे चाक तिरकं, आणि उभी असतानाही सायकल डावीकडे वळायला निघाल्यासारखी दिसे. इतकी वर्षं तिनं ते पाहिलंच नव्हतं.

"बाकी सगळं नवं आणि हेच तेवढं वाकडं? का पण आज्जी?"

"मी म्हनूलाले म्हनून."

रविकिरणच्या तोंडावरचं हसू गेलं. खरं सांगायचं तर रंग, टायरं, गंज हे सगळं तोंडी लावायला होतं. तो नांदेडहून आला होता तो या चिमट्यासाठीच.

तेरा वर्षांचा असताना, अप्पा जेवायला बसलेले बघून, त्यानं न विचारता सायकल काढली होती. सहा डबे भरलेले. मुरुडच्या ओढ्यावरच्या पुलाला तेव्हा कठडा नव्हता. सायकल खाली दगडांवर गेली, डबे फुटले आणि ओढ्यातलं डबकं तेलानं पिवळंधमक झालं. तो स्वतः बाजूच्या गाळात पडला. त्याला साधं खरचटलंही नव्हतं. अप्पा पळत आले, त्याला उचललं, अंगभर चाचपलं. ओरडले नाहीत, मारलं नाही. आणि नेमकं तेच त्याला पुढे खुपत राहिलं. कारण मारून मोकळे न होता अप्पांनी तो चिमटा तसाच ठेवला. पुढे टेम्पो येईपर्यंत अकरा वर्षं ते वाकडीच सायकल चालवत राहिले. आणि दर खंडेनवमीला, घाणा आणि तराजू राहिले बाजूला, विभूतीची पहिली तीन बोटं चिमट्याच्या त्या बाकाला लावायचे. मग तीच बोटं रविकिरणच्या कपाळाला. सगळ्या गड्यांसमोर, दरवर्षी.

"एक्केचाळीस वर्षं झाली अव्वा," तो म्हणाला. आवाज त्याला वाटलं होतं त्याहून चढला. "अप्पा गेले. माझे केस गेले. अजून शिक्षा संपली न्हाई का माझी?"

महानंदाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग सूप तिथंच टाकून त्या आत गेल्या.

नागप्पाला या सगळ्यात एकच शब्द कळला नव्हता. शिक्षा. कसली शिक्षा? त्यालाही ती तीन बोटं आठवत होती. तो तेव्हा सतरा वर्षांचा, पहाटेपासून घाणा धुऊन, तराजू घासून उभा असायचा, आणि अप्पांची बोटं त्याच्या कपाळासमोरून जाऊन धाकट्याच्या कपाळावर थांबायची. त्यानं आपल्या परीनं त्याचा अर्थ लावून टाकला होता आणि तो कधी कुणाला सांगितला नव्हता. आजही सांगितला नाही. चहा ठेवायला सांगतो म्हणून तो आत वळला.

दहाच्या सुमाराला बजरंग मिस्त्री मुरुडहून आला. मुरुडला त्याचं सायकलीचं दुकान, त्याच्या आधी त्याच्या बापाचं. गंजलेले नट खोलायला तुझ्यासारखा हात नाही, असं म्हणून रविकिरणनंच त्याला बोलावलं होतं.

"कुटनं सुरू करू, मास्तर?"

"म्होरनं. चिमटा काढ."

"काका, आज्जी आत्ताच नको म्हणाली ना," दामिनी म्हणाली.

"सरळ करत न्हाई अजून. काढून बघतो फक्त." हे अर्धंच खरं होतं आणि दामिनीला ते कळलं. ती तिथंच पायरीवर बसली. काकाला एकटं सोडावंसं तिला वाटेना.

दोघांनी मिळून रॉकेल सोडलं, पान्यावर पाइप चढवून जोर लावला. अर्ध्या तासानं चिमटा सुटून रविकिरणच्या हातात आला. त्यानं तो चिंधीनं पुसायला घेतला. तेलाचा आणि धुळीचा तो थर जसजसा निघाला तसतसा त्याचा हात हळू झाला. मग थांबला.

"बजरंग, हे काय हाय?"

चिमट्याच्या वाकलेल्या पायाला आतल्या बाजूनं एक लोखंडी पट्टी बसवलेली होती. वरून सहजी दिसू नये अशी. पट्टी सरळ नव्हती. जिथं पाय वाकला होता तिथं तीही तितकीच वाकवलेली, जिथं तो पुन्हा सरळ झाला तिथं तीही सरळ. मधे केसही जाणार नाही अशी अंगासरशी बसली होती.

रविकिरणनं नख फिरवून पाहिलं. तो वर्गात पोरांना सांगायचा, की लोखंड खोटं बोलत नाही, कामगारानं काय केलं ते सगळं त्यावर लिहिलेलं असतं. "वाकडा चिमटा सरळ करायला किती वेळ लागतो?" त्यानं दामिनीला विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "भट्टी पेटलेली असली तर अर्धा तास. आणि अशी पट्टी करायला दोन दिस. तापवायची, ठोकायची, लावून बघायची, पुन्हा तापवायची. म्हणजे सरळ करायचं सोडून, मुद्दाम वाकडाच ठेवून, वर तो मोडू नये म्हणून एवढा कुटाणा? कोन करंल असं?"

"माझ्या बानं केलंय की ते," बजरंग म्हणाला. "मी भाता मारत व्हतो. बा म्हनला, शेठ येड्यावानी करूलालेत. चांगला नवा चिमटा बसवलेला, तो काढायला लावला."

"नवा चिमटा?"

"बसवला व्हता की. तुमी पडल्यावर चौथ्या दिशी. मग दोन-तीन रोजानं मन्मथशेठ येष्टीतनं उतरून तडक दुकानात. जुना चिमटा कुटं हाय म्हनले. बानं तो भंगारात टाकलेला. तर शेठ सोता भंगारात उतरले. धोतर फाटलं, हाताला कापलं, पन हुडकून काढला. बसव म्हनले, हाच बसव, आत्ताच्या आत्ता. ही पट्टी मागनं केली, तो मोडू नये म्हनून." बजरंगनं डोकं खाजवलं. "काहून ते न्हाई सांगितलं. बा मरंस्तोवर इचार करायचा त्याचा."

रविकिरण चिमटा हातात धरून तसाच बसून राहिला. दामिनी उठली आणि आत गेली.

महानंदाबाई देवघरासमोर विभूतीच्या वाटीवर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांना अंगणातलं सगळं ऐकू आलं होतं. बजरंगच्या आवाजाला पूर्वीपासूनच दार-भिंत ठाऊक नव्हती.

"आज्जी," दामिनी त्यांच्याजवळ टेकली. "काकाला वाटतंय की आजोबांनी त्याला जन्मभर माफ केलं नाही. तुला जे माहीत आहे ते सांग त्याला."

"सांगायचं नसतं बाई. ज्याच्यासाठी करायचं त्याला सांगितलं की ते फळत न्हाई. माझी सासू म्हनायची."

"आणि त्याला असं वाटत राहिलं तर ते फळलं का?"

एक्केचाळीस वर्षं महानंदाबाईंनी ही गोष्ट पदराच्या गाठीत ठेवली होती. नवरा गेल्यावर ती राखायची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर आली होती आणि त्या भीत होत्या. नातीसमोर कबूल करायला लाज वाटत होती, पण भीत होत्या. चोपन्न वर्षांचा झाला म्हणून काय, पोर ते पोरच. पण मघाचा त्याचा तो आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता. शेवटी त्या दामिनीच्या खांद्यावर हात टेकून उठल्या.

अंगणात नागप्पा चहाचे कप घेऊन उभा होता. महानंदाबाई रविकिरणसमोर येऊन थांबल्या.

"तुला ताप आल्ता, आठवतं का?"

"पडल्यावर? दवाखान्यात व्हतो एवढं आठवतं. छतावर पंखा व्हता."

"फनफनून ताप. ज्या दिशी नवा चिमटा बसवला, त्याच दिशी. तिसऱ्या दिशी आकडी आली. लातूरला आनलं तुला. डॉक्टर म्हनले काय सांगता येत न्हाई. साखराबाई, तुझी आज्जी, खाटेपाशी बसली व्हती. ती ह्यांना म्हनली, मन्मथा, पोराच्या जिवावरचं त्या लोखंडावर गेल्तं. लोखंडानं घेतलं म्हनून पोराला ओरखडा न्हाई. तू ते लोखंड फेकून दिलंस. आता ते पोराला हुडकत आलंय."

बजरंग पाना खाली ठेवायचं विसरला.

"तुला ठाव हाय तुझा बाप कसा व्हता. गळ्यातलं लिंग सोडून कशाम्होरं मान वाकवली न्हाई. नवस न्हाई, गंडा न्हाई, दोरा न्हाई. मी एकदा लिंबू उतरलं तर आठ दिस बोलले न्हाईत माझ्याशी. त्या मानसानं आयचं ऐकलं. कायबी न बोलता उठले आन् मुरुडची येष्टी धरली. सांजच्याला परत आले तर हाताला चिंधी बांधलेली. दुसऱ्या दिशी तुझा ताप उतरला."

"औषधानं उतरला आसंल अव्वा," रविकिरण म्हणाला.

"डॉक्टर बी तेच म्हनले. हे बी म्हनले, आसंल. पन चिमटा बदलला न्हाई. मी म्हनलं, आता तर चांगला झालाय पोरगा. तर म्हनले, महानंदा, मला इश्वास न्हाई ह्यावर. पन रव्याला घेऊन मी पैज लावनार न्हाई." महानंदाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "सहा डब्यांचं वझं, वाकडं चाक. रोज रात्री उजवा खांदा शेकायची मी. तू शिक्षा म्हनतूस. शिक्षा झाली बाबा, पन ती तुला न्हाई झाली."

रविकिरण रडला. चारचौघांत, बजरंगसमोर, हातातल्या चिंधीनं डोळे पुसत रडला आणि तोंडभर काळं करून घेतलं. नागप्पानं चहाचे कप खाली ठेवले. भावाच्या पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं. अशा गोष्टींची सवय नसल्यानं तो हात आधी सायकलीच्या सीटवर गेला आणि मग पाठीवर आला.

"बसव तो चिमटा," नागप्पा म्हणाला. "आन् चालिवता येती का बघ तरी. पळली पायजे, पळली पायजे करत व्हतास सकाळधरनं."

चाकांत हवा भरली तर एका ट्यूबनं लगेच जीव सोडला. बजरंगनं पंक्चर काढलं. बाराच्या सुमाराला रविकिरण सायकलवर बसला. सगळ्या आयुष्यात ही सायकल त्यानं एकदाच चालवली होती आणि तीही पुलापर्यंतच. आयटीआयच्या मास्तरासारखा ताठ बसून त्यानं पायडल मारलं आणि सायकल सरळ डावीकडे तुळशीच्या कट्ट्यावर गेली. दुसऱ्यांदा नागप्पाच्या मोटारसायकलीवर.

"अगा, हँडल ओढू नको," महानंदाबाई पडवीतून म्हणाल्या. "उजवा खांदा सोड खाली. पार सोड. हां."

त्यानं खांदा खाली सोडला. अंगाचा भार उजव्या कुशीवर आला, मान आपोआप थोडी कलली आणि त्या वाकड्या चाकानं सरळ वाट धरली. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल कुरकुरत गेली, वळली आणि परत आली. दामिनीनं टाळ्या वाजवल्या. नागप्पानं मात्र नुसतं पाहिलं. पाठमोरा, एक खांदा पडलेला, मान कललेली. अप्पा मुरुडच्या पेठेतून असेच जायचे. लांबून फक्त पाठ बघून गिऱ्हाईक ओळखायचं आणि मापं घेऊन बाहेर यायचं.

"तसंच," महानंदाबाई हळूच म्हणाल्या. "अगदी तसंच."

मग सायकल पुसून पूजेला मांडलेल्या तराजूशेजारी उभी केली. काचेच्या पेटीचं नाव कुणी काढलं नाही. रंग द्यायचा, टायरं टाकायची, चिमटा आहे तसा ठेवायचा आणि पाडव्याला तेलाचे सहा डबे घालून रविकिरणनं ती नव्या दुकानापर्यंत चालवत न्यायची, एवढं आपोआपच ठरलं. नागप्पानं फक्त एक अट घातली, डबे रिकामे असावेत.

महानंदाबाई वाटी घेऊन आल्या. विभूतीत तीन बोटं बुडवून त्यांनी ती चिमट्याच्या बाकावरून ओढली. मग तीच बोटं रविकिरणच्या काळवंडलेल्या कपाळावर. या वेळी त्यानं मान खाली घातली नाही.

"मला वाटायचं," नागप्पा एकाएकी म्हणाला, "अप्पा तुझे लाड करतेत. दरसाली तुझ्याच कपाळाला. मला कधीच न्हाई."

रविकिरण त्याच्याकडे बघतच राहिला. "आन् मी म्हनायचो, आण्णा किती नशीबवान. त्याला कोन गुन्हेगारावानी उभं करत न्हाई."

अठ्ठावन्न वर्षांचा, दोन दुकानांचा मालक नागप्पा आईसमोर आला. आई त्याच्या छातीपर्यंतच यायची, म्हणून तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला आणि टक्कल पुढे केलं.

"अव्वा," तो म्हणाला, "आज मला बी लाव की."